साहेब चांगले, भोवतालचे वाईट

माझे वडील निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. लाकडी चौकटीत तिरकी काच, काचेखाली आरसा, आरशावर खिडकीतला उजेड आणि हातात सुईसारखं टोक काढलेली एचबी पेन्सिल. डोळ्याखालची सुरकुती निगेटिव्हमध्ये पातळ, पारदर्शक रेघ होऊन येते. त्या रेघेत शिशाचे बारीक ठिपके भरले की कागदावर ती सुरकुती उजळते, जवळजवळ पुसली जाते. एका चेहऱ्याला वीस मिनिटं लागायची. स्थळांना दाखवायचा मुलीचा फोटो असला तर अर्धा तास. "आपण खोटं करत नाही," ते म्हणायचे. "माणूस ज्या दिवशी बरा दिसतो, तो दिवस शोधून देतो."

तेच काम मी माउसनं करतो. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आमचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं, आणि गेली पंधरा-वीस वर्षं मुख्यतः फ्लेक्स. वाढदिवस, निवड, फेरनिवड, भावी आमदार, खाली शुभेच्छुकांची वीस डोकी. घर चालतं ते या डोक्यांवर.

पालिकेच्या एका निवडणुकीत आमच्या वॉर्डातून उभा राहणारा एक जण फोटो काढायला आला. नाव लिहीत नाही. गावात सगळे त्याला दादा म्हणतात, तेवढं पुरे. अंगानं रुंद, कपाळाला कायमची आठी, बोलताना हनुवटी वर. तसाच फ्लेक्सवर गेला असता तर वॉर्ड बिचकला असता. मी त्याला स्टुलावर बसवला आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांपेक्षा वीतभर उंच लावला. वरून घेतलेला माणूस नम्र दिसतो, खालून घेतलेला मालक दिसतो. हे आमच्या धंद्यातलं पहिलं पान. हनुवटी थोडी खाली, मान जराशी कललेली. सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडचा दिवा, जवळ ओढला की गालावरच्या सावल्या मऊ पडतात आणि बुबुळात उजेडाचा एक चौकोनी ठिपका येतो. तो ठिपका नसला तर डोळे मेलेले वाटतात. सगळं जुळवून झाल्यावर सहज विचारलं, "दादा, धाकटी जाते का आता शाळेत?" तो हसला, आणि तेवढ्यात मी क्लिक केलं.

मग कॉम्प्युटरवर आठी काढली. पूर्ण नाही, थोडी ठेवली. अजिबात आठी नसलेला पुढारी लोकांना पोरकट वाटतो. दहा बाय पंधराचा फ्लेक्स चौकात लागला. आई तेव्हा ऐंशीच्या पुढं होती. गच्चीच्या कठड्याला धरून तिनं तो बघितला आणि म्हणाली, "किती सोज्वळ आहे गं पोरगं." तिनं त्याला मत दिलं आणि मीही दिलं. आता आठवायला बसलो तर कारण सापडत नाही. त्यानं आधी काय काम केलं होतं, त्याच्यासमोर उभी राहिलेली बाई कोण होती, यातलं मला धड काही सांगता यायचं नाही. फोटो फार चांगला आला होता, एवढंच आठवतं.

दीड वर्षानं आमच्या गल्लीत पाण्याची नवी लाइन पडली. कामाच्या बोर्डावर सहा इंची लिहिलं होतं. चर माझ्या दुकानासमोरून गेला आणि काळा पाइप माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरला. मी मोजपट्टी लावून बघितली. चार इंच. शेजारपाजारचे तावातावानं बोलायला लागले, तेव्हा समजूत काढायला पुढं झालो तो मीच. "दादाला माहीत नसणार हो. कंत्राटदारानं हात मारलाय. माणूस चांगला आहे, भोवतालचे वाईट." कंत्राटदार दादाचा सख्खा मेहुणा निघाला. त्यावर मी म्हणालो, "मेहुण्यानंच गळा कापला बिचाऱ्याचा."

दुकानाच्या वर आमचं घर. जिन्यात उभी राहून बायको ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही काढलेल्या फोटोला तुम्हीच भुललात."

फ्लेक्सची निम्मी रक्कमही राहिली होती. ती अजून राहिलेलीच आहे. पण त्या दिवशी मला लागलं ते बायकोचं बोलणं. चार इंची पाइप मी स्वतः मोजला होता. पुरावा माझ्या हातात होता आणि तरीही मी त्या माणसासाठी सबबी शोधत होतो. त्याला त्या मागाव्याही लागल्या नव्हत्या. मीच रोज एक तयार करून देत होतो.

आपल्याकडे या सबबीला सोन्याचा मुलामा आहे. विठ्ठल चांगला, बडव्यांनी घेरलाय. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याच्या तोंडी हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पंढरपुरातल्या बडव्यांचे हक्क २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं कायमचे संपले, राजकारणातले बडवे मात्र अमर आहेत. ते नसतील तर साहेबांना थेट जाब विचारावा लागेल, आणि ते आपल्याला नको असतं. जो चेहरा आवडलाय त्याला कसं विचारायचं?

बरीच वर्षं मला वाटायचं, हा आपल्याच मातीतला भोळेपणा. मग सीरियाबद्दल वाचत गेलो. सुरुवात झाली ती एका फोटोमुळं.

वोग या फॅशनच्या मासिकात मार्च २०११ च्या अंकात सीरियाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांच्या पत्नीवर, अस्मा यांच्यावर, मोठा लेख आला होता. वाळवंटातलं गुलाब असं काहीसं त्याचं शीर्षक. त्यातल्या फोटोत नवरा-बायको घरात मुलांबरोबर खेळण्यात रमलेले. लेखात राष्ट्राध्यक्षांचं वर्णन आहे ते जीन्स घातलेला, उंच, लांब मानेचा, निळ्या डोळ्यांचा माणूस असं. फोटो जेम्स नाक्टवे यांचे. आमच्या व्यवसायात हे नाव घेताना कानाला हात लावतात. रवांडा, बोस्निया, सोमालिया, जिथं जिथं माणसानं माणसाला फाडलं तिथं तिथं हा माणूस कॅमेरा घेऊन उभा होता. क्रूर काय दिसतं हे जगात त्याच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. त्याच्यासमोरही त्या दिवाणखान्यात एक लाजरा बापच बसला होता. मी त्याला नावं ठेवत नाही. जे समोर होतं ते त्यानं टिपलं. कॅमेऱ्याला पलीकडची भिंत दिसते, भिंतीपलीकडचं दिसत नाही.

त्या लेखात एक गोष्ट आहे, ती डोक्यातून जात नाही. असद नेत्रतज्ज्ञ. दमास्कसला शिकले, पुढचं प्रशिक्षण लंडनला. डोळ्यांचीच शस्त्रक्रिया का निवडली, असं विचारल्यावर ते म्हणाले की हे काम अत्यंत नेमकं असतं, सहसा तातडीचं नसतं आणि त्यात रक्त फार कमी येतं.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांची मला आठवण झाली. हळू बोलणारे, लांब बोटांचे, पट्टी काढताना "घाबरायचं नाही, आजी" म्हणणारे. डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल वाईट विचार मनात येतच नाही. ज्याच्या हातात आपण डोळा दिला त्याच्याबद्दल कसा येणार?

असद यांना खरं म्हणजे गादीवर बसायचंच नव्हतं. वडील हाफिज १९७० च्या बंडानंतर सत्तेत आले. १९८२ मध्ये त्यांनी हमा शहर तोफांनी भाजून काढलं. मेलेल्यांचे अंदाज दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जातात. वारस म्हणून तयार केला होता तो थोरला मुलगा बासिल, घोडेस्वारी करणारा, दाढी राखणारा, करारी. जानेवारी १९९४ मध्ये दमास्कसच्या विमानतळाच्या रस्त्यावर गाडी ठोकून तो गेला आणि लंडनमधल्या धाकट्याला बोलावणं आलं. १० जून २००० रोजी हाफिज वारले. राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाचं किमान वय चाळीस होतं. बशर यांचं वय चौतीस. संसदेनं त्याच दिवशी चाळीसचे चौतीस केले. पुढच्या महिन्यातल्या सार्वमतात त्यांना ९७.२९ टक्के मतं पडली. समोर दुसरा उमेदवार नव्हता.

आणि तरी लोक खूश होते. नुसते भ्यायलेले नव्हते, खरंच खूश होते. बापाच्या चेहऱ्याकडं तीस वर्षं बघून थकलेल्या देशाला हा किंचित बोबडं बोलणारा, इंटरनेटची आवड असलेला, बायकोबरोबर हॉटेलात जेवायला जाणारा डॉक्टर मिळाला होता. दमास्कसमध्ये घरोघरी चर्चेच्या बैठका सुरू झाल्या. 'दमास्कसचा वसंत' असं नावही पडलं. वर्षभरात तो आटोपला. २००१ मध्ये रियाद सैफ, रियाद अल-तुर्क यांच्यासारखे बोलणारे लोक तुरुंगात गेले. तेव्हा लोक काय म्हणाले? डॉक्टर चांगले आहेत, वडिलांच्या वेळची जुनी मंडळी त्यांना काम करू देत नाहीत.

हे वाचलं आणि माझ्या दुकानासमोरचा तो चर डोळ्यांपुढं आला.

जुनी मंडळी एकेक करून गेली. उपराष्ट्राध्यक्ष खद्दाम २००५ मध्ये बाहेर पडले. तुरुंग काही रिकामे झाले नाहीत. सबबही जागची हलली नाही. परदेशी लोक तर सीरियन लोकांपेक्षा जास्त भाळलेले होते, त्यांना तर तुरुंगाची भीतीही नव्हती. फ्रान्सनं २००१ मध्ये असद यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला आणि २००८ मध्ये राष्ट्रीय दिनाच्या संचलनाला मानाच्या जागी बसवलं. नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून दमास्कसला गेल्या, यजमान हेच. त्या भेटीत वावगं काही नव्हतं, राष्ट्रप्रमुख एकमेकांकडं जातातच. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी मात्र २७ मार्च २०११ रोजी टीव्हीवर सांगितलं की सीरियाला जाऊन आलेले दोन्ही पक्षांचे अनेक खासदार असद यांना सुधारक मानतात. तोवर दरा या शहरात निदर्शकांवर गोळीबार होऊन नऊ दिवस झाले होते.

दराची गोष्ट शाळेतल्या पोरांपासून सुरू झाली. ट्युनिशिया आणि इजिप्तचे सत्ताधीश नुकतेच लोकांच्या उठावात पडले होते. पोरांनी भिंतीवर रंगानं लिहिलं, 'आता तुझी पाळी, डॉक्टर.' बाकी जग ज्याला सुधारक म्हणत होतं त्याला ही पोरं डॉक्टरच म्हणत होती, पण त्यांनी तो शब्द बरोबर वाचला होता. पोरांना उचललं, हाल हाल केले. आईबाप सोडवायला गेले, मग गाव रस्त्यावर आलं, मग बंदुका आल्या.

त्याच सुमाराला दमास्कसमध्ये आणखी एक फोटोग्राफर कामावर होता. लष्करी पोलिसांचा. आधी त्याचं काम अपघात, आत्महत्या अशा जागी जाऊन फोटो काढायचं. २०११ नंतर त्याला लष्करी इस्पितळात पाठवायला लागले, कोठडीत मेलेल्यांचे फोटो काढायला. प्रत्येक प्रेताचे अनेक फोटो, चेहऱ्याचा वेगळा, अंगाचा वेगळा. कातडीवर किंवा शेजारच्या चिठ्ठीवर आकडे: कैद्याचा क्रमांक, कुठल्या गुप्तचर शाखेतून आला तिचा क्रमांक, डॉक्टरी तपासणीचा क्रमांक. उपाशी ठेवून हाडं झालेली माणसं. आकडे व्यवस्थित लिहिलेले. रक्त फार कमी.

तो रोज हे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून चोरून बाहेर काढत राहिला. दोन वर्षं. ऑगस्ट २०१३ मध्ये देशाबाहेर निसटला तेव्हा त्याच्याकडं त्रेपन्न हजारांवर फोटो होते. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं त्यातले अठ्ठावीस हजारांवर फोटो तपासले, तर कोठडीत मेलेली किमान ६,७८६ वेगवेगळी माणसं निघाली. जगानं त्याला 'सीझर' या टोपणनावानं ओळखलं. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर तो निळ्या जॅकेटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसला होता. खरं नाव त्यानं सांगितलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, असद मॉस्कोला पळून गेल्यावर: फरीद अल-मदहान.

मी फोटोग्राफर आहे म्हणून असेल, पण मला हा सगळा इतिहास दोन कॅमेऱ्यांचा वाटतो. एकाच शहरात, एकाच राजवटीचे फोटो. एकाला दिवाणखान्यात बोलावणं होतं, दुसऱ्याला शवागाराच्या अंगणात. पहिला जगातला मोठा कलावंत, दुसऱ्याला बहुतेक प्रकाशयोजनेचा प्रही ठाऊक नसेल. आणि २०११ च्या मार्चमध्ये जगाच्या हातात फक्त पहिल्याचा अल्बम होता. मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत सीरियात तीन लाख सहा हजारांहून जास्त सामान्य नागरिक मारले गेले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. मासिकानं तो लेख पुढे आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला. आमच्याकडं चौकातला फ्लेक्स मुदत संपली की काढतात, तसा.

चेहरा वाचायचा हा रोग आपल्याला लहानपणीच लागतो. स्वित्झर्लंडमधल्या दोन संशोधकांनी पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना एक खेळ खेळायला दिला: तुमचं गलबत ट्रॉयहून निघालंय, या दोघांतला कप्तान कोण हवा? दोन चेहरे होते फ्रान्सच्या २००२ च्या निवडणुकीतले खरे उमेदवार. मुलांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी जे कप्तान निवडले ते सुमारे सत्तर टक्के वेळा निवडणूक जिंकलेलेच निघाले. २००९ मध्ये हे छापून आलं. म्हणजे माझी ऐंशीची आई आणि पाच वर्षांचं स्विस पोर एकाच बूथवर उभे होते, आणि त्यांच्यामागं मी.

याची उलट बाजू आपल्या निळूभाऊ फुल्यांना विचारायला हवी होती. बेरकी डोळे, तो घोगरा आवाज, सरपंच नाही तर पाटील, आणि गावातल्या बायाबापड्यांनी पडद्याबाहेरही बोटं मोडायची. माणूस सेवा दलात वाढलेला, पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, चळवळींसाठी गावोगाव फिरणारा. नाटकसिनेमातल्या खलनायकाचं असं व्हायचंच, त्याला लोकांनी घाबरावं याचेच पैसे मिळतात. पण निळूभाऊ खरोखरच्या निवडणुकीला उभे राहिले असते आणि मी त्यांना ओळखत नसतो, तर मत दिलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, फोटो बघून नसतं दिलं.

२०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो. कारण रास्त आहे. २०१४ च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. नाव फसवतं, म्हणून फोटो आणला. २०२५ मध्ये, बिहारपासून, तो फोटो रंगीत झाला आणि चौकटीतली तीन-चतुर्थांश जागा चेहऱ्यानं व्यापलेली असावी असं आयोगानं ठरवलं. आमच्या धंद्याला बरंच. बायको म्हणाली, नाव फसवतं म्हणून फोटो आणला, फोटो फसवायला लागला की काय आणणार? मी म्हटलं, मोजपट्टी. ती हसली नाही.

परवा दुकानात एक पोरगा आला. पंचविशीतला, खादीचा कुर्ता नवा कोरा, कडक इस्त्री, बगलेत घडीची रेघ अजून मोडलेली नाही. सोबत चार मित्र. त्यानं मोबाइल पुढं केला, त्यात कुठल्याशा मोठ्या नेत्याचा फोटो. "काका, असं पाहिजे. साधं. लोकांना आपला वाटला पाहिजे."

"कशासाठी उभा राहतोयस?" मी विचारलं.

"वॉर्ड पाच."

"ते कळलं. करणार काय?"

तो मित्रांकडं बघून हसला. मित्रही हसले. काकांना गंमत करायची सवय आहे, असं कुणीतरी म्हणालं.

मी त्याला स्टुलावर बसवला. ट्रायपॉड खाली घेतला, कॅमेरा बरोबर त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. सॉफ्टबॉक्स मागं सारला. मान सरळ ठेव म्हटलं, आणि हसायला काही सांगितलं नाही. समोरून, सपाट उजेडात, आधार कार्डाला काढतात तसा एक फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. डाव्या भुवईत जुनी खोक, ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्याकडं रोखलेले. काही वाईट नव्हता चेहरा. काही चांगलाही नव्हता. चेहरा होता.

त्यानं बराच वेळ बघितलं. मित्र गप्प झाले.

"काका," तो म्हणाला, "हा मी वाटत नाही."

वरून बायकोचा आवाज आला, "ॲडव्हान्स घ्या आधी!"

पोरानं निमूटपणे पाचशेच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. मी त्या गल्ल्यात टाकल्या, ट्रायपॉडचा खटका सोडला आणि कॅमेरा वीतभर वर घेतला.